साथीच्या काळातील शेतकरी बाजार : नियम कोठे सैल करावा, कोठे करू नये

कल्याणकारी योजना लोकांपर्यंत पोहोचते ती नियमांच्या वाटेने. लाभ कोणाला द्यावा, किती द्यावा, कोणाच्या हातून द्यावा आणि दिल्याची नोंद कशी ठेवावी, हे नियम सांगतात. नेहमीच्या दिवसांत हे नियम लाभार्थ्याचे व सार्वजनिक पैशाचे रक्षण करतात. परंतु एखादी साथ उद्भवली आणि माणसांनी एकत्र जमणेच धोक्याचे ठरले, म्हणजे रक्षणासाठी केलेला नियमच लाभार्थ्याची वाट अडवू लागतो. अशा वेळी नियम पाळावा की माणूस सांभाळावा, हा प्रश्न गावच्या कर्मचाऱ्यापासून मंत्रालयातील सचिवापर्यंत सर्वांपुढे उभा राहतो.

२०२० साली कोविड-१९ च्या साथीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न एका लहानशा योजनेपुढे उभा राहिला. गरीब माता, लहान मुले आणि वृद्ध यांना शेतकऱ्यांकडून थेट ताजी भाजी व फळे घेता यावीत, यासाठी ही योजना चालविली जाते. तिच्यातील मदतीची रक्कम थोडी, हंगाम आखूड आणि माल नाशवंत. निर्णयास दोन-तीन महिने विलंब झाला असता, तर त्या वर्षीचा लाभ पुढील वर्षी भरून काढता आला नसता. नियम कसे व किती शिथिल करावेत, हे समजून घेण्यास ही योजना म्हणूनच उपयुक्त ठरते.

योजनेचा उगम

ऑगस्ट १९८० मधील एक प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. बॉस्टन शहराच्या डॉर्चेस्टर भागातील शेतकरी बाजारात गस शूमाकर नावाचे गृहस्थ आपल्या शेतकरी भावाला गाडीत माल चढविण्यास मदत करीत होते. नासपतीच्या एका खोक्याचा तळ सुटला आणि फळे रस्त्याकडेच्या गटारात पडली. जवळच असलेली एक स्त्री आपल्या मुलांसह खाली वाकून ती फळे गोळा करू लागली. तिचा संसार सरकारी अन्नमदतीवर चालत होता आणि ताजी फळे विकत घेणे तिला परवडत नव्हते. एकीकडे शेतकऱ्याचा माल वाया जात होता आणि दुसरीकडे त्याच मालावाचून मुले राहत होती. ही हकीकत शूमाकर पुढे आयुष्यभर सांगत असत.

शूमाकर पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याचे कृषी आयुक्त झाले. १९८६ साली त्या राज्याने गरीब मातांना शेतकरी बाजारात वापरता येतील अशी कूपने देण्यास आरंभ केला. १९८८ च्या एका केंद्रीय कायद्याने अशा प्रयोगांना मान्यता मिळाली आणि जुलै १९९२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ही योजना कायद्याने स्थापन केली.

तिचा पाया मात्र त्याहून जुना आहे. गरोदर, प्रसूत व स्तनदा स्त्रिया, अर्भके आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी अमेरिकेत एक विशेष पूरक पोषण कार्यक्रम आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘विक’ म्हणतात. तो १९७२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि १९७५ मध्ये कायम करण्यात आला. २०२० च्या सुमारास दरमहा सरासरी ६२ लाखांच्या आसपास स्त्रिया व मुले त्याचा लाभ घेत होती. शेतकरी बाजाराची कूपने दिली जातात ती मुख्यतः याच कुटुंबांना. वृद्धांसाठी अशीच एक योजना २००१ मध्ये प्रायोगिक रीतीने आणि २००२ च्या शेतीविषयक कायद्यान्वये पक्क्या पायावर सुरू झाली. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या व्यक्ती तिच्यासाठी पात्र ठरतात.

योजनेची कार्यपद्धती

दोन्ही योजनांसाठी पैसा केंद्राचे कृषी खाते देते आणि अंमलबजावणी राज्ये करतात. २०२० साली लागू असलेल्या मर्यादेनुसार माता-बालकांच्या योजनेत केंद्राच्या निधीतून एका लाभार्थ्यास वर्षाला १० ते ३० डॉलर, तर वृद्धांच्या योजनेत २० ते ५० डॉलर देता येत असत. राज्याने आपल्या पदरची भर घालण्यास आडकाठी नव्हती. या रकमेची छोटी छोटी कूपने लाभार्थ्यास मिळतात. तो ती घेऊन मान्यताप्राप्त शेतकऱ्याकडे जातो आणि त्या भागात पिकलेली ताजी, प्रक्रिया न केलेली भाजी, फळे वा खाण्याच्या पानवनस्पती घेतो. वृद्धांच्या योजनेत मधही चालतो. अंडी, मांस, चीज व सुकामेवा माता-बालकांच्या कूपनांवर मिळत नाहीत. शेतकरी जमलेली कूपने वटवून आपले पैसे मिळवितो.

ही साधी दिसणारी देवघेव अनेक नियमांनी बांधलेली आहे, आणि प्रत्येक नियमामागे काही कारण आहे.

जो केवळ दुसऱ्याने पिकविलेला माल विकतो, अशा घाऊक व्यापाऱ्यास मान्यता मिळत नाही. तो नियम नसता, तर शेतकऱ्यासाठी काढलेली योजना दलालाच्या ताब्यात गेली असती. प्रथमच सहभागी होणाऱ्या शेतकऱ्याला समोरासमोर प्रशिक्षण द्यावे लागते. कोणता माल चालतो, कूपन कसे स्वीकारावे, भाव इतर गिऱ्हाइकांहून अधिक का लावू नये, हे त्याला समजले पाहिजे. कूपनाच्या रकमेपेक्षा खरेदी कमी झाली, तरी उरलेली रक्कम रोख परत देता येत नाही, कारण मदत ताज्या अन्नासाठी आहे, रोख पैशासाठी नाही. लाभार्थ्याला कूपन देताना त्याचा उपयोग समजावून सांगावा लागतो आणि आहाराविषयी माहिती द्यावी लागते.

दरवर्षी किमान दहा टक्के शेतकऱ्यांची आणि दहा टक्के बाजारांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करावी लागते. ज्यांच्याविषयी शंका आहे, त्यांचा तीत समावेश असलाच पाहिजे. शेवटी प्रत्येक कूपनाचा हिशेब लागतो. ते योग्य रीतीने वटले, हरवले वा चोरीस गेले, मुदत संपून बाद झाले, की दिलेल्या नोंदीशी जुळत नाही, हे राज्याला दाखवावे लागते. कूपनांना हंगामाअखेरची मुदतही असते.

साथ आली तेव्हा

३१ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेच्या आरोग्य खात्याने सार्वजनिक आरोग्यविषयक आणीबाणी जाहीर केली आणि १३ मार्च रोजी राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी घोषित केली. काळ वसंत ऋतूचा होता. उत्तरेकडील राज्यांत शेतकरी बाजार मे-जूनच्या सुमारास भरू लागतात आणि हिवाळ्यापूर्वी उठतात. त्यामुळे शेतकऱ्यांना मान्यता देणे, प्रशिक्षण घेणे, कूपने छापणे आणि वाटपाची व्यवस्था लावणे ही सारी तयारी नेमकी याच महिन्यांत करावी लागते.

त्या काळी कार्यपद्धतीची प्रत्येक पायरी माणसांच्या भेटीवर उभी होती आणि भेट हाच साथीचा मार्ग होता. माता-बालकांची कूपने सामान्यतः ‘विक’ च्या केंद्रांवर भेटीच्या वेळी मिळत. तेथील प्रत्यक्ष भेटी थांबल्या, म्हणजे वाटपही थांबणार. वृद्धांना कूपने बहुधा ज्येष्ठांच्या केंद्रांतून मिळत. ती केंद्रे बंद झाली. तपासनीसाने बाजारात फिरावे, तर त्याचा व शेतकऱ्याचा जीव धोक्यात. प्रशिक्षणासाठी शेतकऱ्यांना एका खोलीत बसवावे, तर तीच अडचण.

समजा, एक सत्तरीची विधवा आहे. या आजाराचा सर्वांत मोठा धोका तिच्या वयाच्या माणसांना होता. तिला वर्षाला मिळणारी कूपने घेण्यासाठी दारातून बाहेर पडून रांगेत उभे राहण्यास सांगणे, म्हणजे काही डॉलरांच्या भाजीसाठी तिने प्राण पणास लावावेत असे सांगणे होय. तिने जाऊ नये म्हटले, तर नियम मोडत नाही, हिशेब चोख राहतो, गैरव्यवहारही घडत नाही. मात्र तिच्या ताटात भाजी येत नाही. शासनाच्या दप्तरी कूपन ‘मुदत संपून बाद’ एवढेच लिहिले जाते.

दुसऱ्या बाजूस शेतकरी होता. पेरणी झालेली, मुळा-पालक वाढीला लागलेले. उपाहारगृहे व शाळा बंद झाल्याने अनेक शेतकऱ्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक एकाएकी नाहीसे झाले होते. कूपनांतून येणारी रक्कम मोठी नसली, तरी ती खात्रीची होती, आणि नेमकी अशा वर्षी ती हवी होती.

बाजार चालू ठेवावेत की बंद करावेत, हाही पहिला वाद होता. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया इत्यादी अनेक राज्यांनी किराणा दुकानांप्रमाणेच शेतकरी बाजारांनाही अत्यावश्यक मानले. दुकानांमध्ये अंतर ठेवणे, गिऱ्हाइकाने मालाला हात न लावता विक्रेत्यानेच तो निवडून देणे, चव पाहण्यासाठी फोडी वाटण्याचा प्रघात बंद करणे, आगाऊ मागणी नोंदवून भरलेली पिशवी गाडीपाशी पोहोचविणे, अशा व्यवस्था ठिकठिकाणी झाल्या. बाजार असा उघडा राहिला, परंतु कूपन लाभार्थ्याच्या हाती पडल्यावाचून त्याचा उपयोग काय?

शिथिलतेचा कायदेशीर आधार

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोणताही अधिकारी, तो कितीही सहृदय असला, तरी स्वतःच्या मर्जीने नियम बाजूस ठेवू शकत नाही. तसे केल्यास आज जे दयेपोटी होते, तेच उद्या वशिल्यापोटी होऊ लागते. म्हणून शिथिलतेचा अधिकारही कायद्यातूनच यावा लागतो.

१८ मार्च २०२० रोजी अमेरिकेत कोरोना साथीसंबंधीचा एक कायदा मंजूर होऊन त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. ‘कुटुंबे प्रथम’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. त्यातील दोन कलमे ‘विक’ शी संबंधित होती. एका कलमाने लाभार्थ्याने केंद्रावर स्वतः हजर राहण्याची अट राज्यांच्या विनंतीवरून शिथिल करण्याची मुभा दिली. दुसऱ्या कलमाने प्रशासकीय अटी बदलण्याचा वा वगळण्याचा अधिकार कृषी खात्यास दिला. शेतकरी बाजाराची माता-बालकांसाठीची योजना ‘विक’ च्याच मूळ कायद्यात अंतर्भूत असल्याने हे दुसरे कलम तिच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. वृद्धांची योजना मात्र २००२ च्या वेगळ्या कायद्यातून आलेली असल्यामुळे तिच्या बाबतीत अधिकाराचा विचार स्वतंत्रपणे करणे भाग होते. दिसण्यात जुळ्या असलेल्या दोन योजनांचे कायदेशीर मूळ निराळे असू शकते, हे अंमलबजावणी करणाऱ्यांनी विसरू नये.

या अधिकाराला कायद्याने चार कुंपणे घातली होती. पहिले, वगळावयाची अट खात्याने स्वतः केलेल्या नियमांतील असावी. काँग्रेसने कायद्यातच लिहिलेली अट खात्याला या कलमाखाली बदलता येत नव्हती. दुसरे, साथीमुळे ती अट पाळणे खरोखरच अशक्य झालेले असावे. तिसरे, लाभ पोहोचविण्यासाठी ती सूट आवश्यक असावी. चौथे, सूट घेतलेल्या राज्याने एका वर्षाच्या आत अहवाल द्यावा आणि सूट कशी वापरली व तिच्यामुळे सेवा सुधारली की नाही, हे त्यात सांगावे.

ही चौथी अट विशेष मननीय आहे. सूट ही येथे नुसती मोकळीक राहत नाही, ती परीक्षेस उतरावयाचा प्रयोग ठरते. ज्याने दार उघडले, त्याने त्या दारातून कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, हे सांगितले पाहिजे.

काय सैल होऊ शकते, काय नाही

शेतकरी बाजाराच्या नियमांकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे ते आपोआप दोन गटांत विभागले जातात.

पहिला गट पद्धतीच्या नियमांचा. समोरासमोर प्रशिक्षण, ठरावीक प्रमाणात जागेवरची तपासणी आणि कूपन प्रत्यक्ष हाती देण्याची रीत हे त्यातील मुख्य. यांचा हेतू दुसऱ्या मार्गानेही साधतो. प्रशिक्षण दूरध्वनीवरून वा दूरदृश्य सभेतून देता येते. कूपने टपालाने पाठविता येतात आणि त्यासोबत आहाराची माहिती छापून देता येते. तपासणी काही काळ कागदपत्रांवरून व वटलेल्या कूपनांच्या आकड्यांवरून करता येते. एखाद्या लहान बाजारात एका शेतकऱ्याकडे अचानक अवाजवी कूपने जमू लागली, तर ते कार्यालयात बसूनही दिसते.

दुसरा गट हेतूच्या नियमांचा. लाभार्थी गरजू असावा, माल ताजा व त्या भागातील असावा, तो पिकविणाऱ्याकडून यावा, भाव सर्वांना एकच असावा आणि प्रत्येक कूपनाचा हिशेब लागावा, हे त्यात येतात. हे नियम म्हणजेच योजना होय. यांतील एक जरी सोडला, तरी उरते ते दुसरेच काही. साथीत वाहतुकीची अडचण आहे म्हणून दूरच्या घाऊक बाजारातील माल चालेल असे ठरविले, तर वृद्धेला भाजी मिळेल, परंतु शेजारच्या शेतातील पीक कुजेल आणि १९८० सालचे ते खोके पुन्हा गटारात पडेल.

आणखी एक गोष्ट अशी की, काही खिडक्या नियमांत आधीच ठेवलेल्या होत्या. वृद्धांच्या योजनेच्या नियमावलीत प्रतिनिधीची तरतूद आहे. वृद्धाने अधिकृत केलेली व्यक्ती त्याच्या वतीने अर्ज करू शकते, कूपने घेऊ शकते व खरेदीही करू शकते. तसेच वर्गणीदार शेतीची पद्धतही त्या नियमावलीस मान्य आहे. तीत गिऱ्हाइके हंगामाच्या आरंभीच एखाद्या शेतकऱ्याच्या पिकातील वाटा ठरवून घेतात आणि हंगामभर त्यांना त्या वाट्याची भाजी मिळत राहते. या तरतुदी काही साथीसाठी केलेल्या नव्हत्या. आजारी, अपंग व दूर राहणाऱ्या वृद्धांचा विचार करून त्या ठेवल्या होत्या. संकटकाळी त्याच उपयोगी पडण्याजोग्या होत्या आणि त्यांसाठी कोणाकडे सूट मागण्याचीही गरज नव्हती. दुर्बलांना ध्यानात ठेवून केलेला नियम आपत्तीत सर्वांच्याच कामी येतो.

सवलतीची किंमत

शिथिलतेने सर्व अडचणी सुटतात असे समजणे चुकीचे ठरेल. कूपन टपालाने घरी आले, तरी भाजी टपालाने येत नाही. ज्या वृद्धेकडे गाडी नाही, जिच्या भागातील बस बंद आहे आणि जिच्याजवळ प्रतिनिधी म्हणून पाठविण्यास कोणी नाही, तिचे कूपन टेबलावरच राहते. कागदी कूपन दूरध्वनीवरून दिलेल्या मागणीसाठी वापरणेही अवघड असते, कारण ते शेतकऱ्याच्या हाती पडावे लागते. टपालातून कूपने गहाळ होण्याचाही संभव असतो. पत्ता बदललेला असतो, एका घरात अनेक कुटुंबे राहत असतात.

तपासणी कमी झाली की प्रामाणिक शेतकऱ्याचेही नुकसान होऊ शकते. शेजारच्या दुकानात घाऊक बाजारातून आणलेला माल ‘आमच्या शेतातला’ म्हणून विकला जाऊ लागला, तर खरोखर पिकविणारा भावात मागे पडतो. तपासनीस हा बाजाराचा शत्रू नसून खऱ्या शेतकऱ्याचा साक्षीदार असतो, हे अशा वेळी कळते. म्हणून तपासणीची सूट ही कर्जाऊ घेतलेल्या वस्तूसारखी मानावी. ती परत करावयाची असते आणि मधल्या काळातील तूट नंतरच्या तपासणीने भरून काढावयाची असते.

दूरच्या प्रशिक्षणातही एक उणीव राहते. समोर बसलेला नवा शेतकरी समजले नाही तर कपाळाला आठ्या घालतो आणि शिकविणारा पुन्हा सांगतो. दूरध्वनीवर ‘हो, हो’ एवढेच ऐकू येते. अशा शेतकऱ्यास पहिल्या बाजारानंतर पुन्हा एकदा विचारून घेणे, ही लहानशी पण आवश्यक काळजी होय.

शेवट कसा झाला

संकटकाळी दिलेली सवलत कधी संपावी, हेही आधी ठरलेले असावे लागते. मार्च २०२० च्या कायद्याने दिलेला अधिकार प्रथम सप्टेंबर २०२० अखेरपर्यंतच होता. साथ ओसरली नाही, म्हणून नव्या कायद्याने ती मुदत वाढविण्यात आली आणि पुढे सवलतींचा शेवट सार्वजनिक आरोग्यविषयक आणीबाणीच्या शेवटाशी जोडण्यात आला. ११ मे २०२३ रोजी ती आणीबाणी संपली आणि त्यानंतर नव्वद दिवसांनी, ९ ऑगस्ट २०२३ रोजी, ‘विक’ च्या साथकालीन सवलतींची मुदत संपली. नव्वद दिवसांची ही मोकळीक देण्यातही शहाणपण होते. ज्या केंद्रांनी तीन वर्षे दूरस्थ पद्धतीने काम केले, त्यांना एका रात्रीत जुन्या पद्धतीकडे वळता आले नसते.

दरम्यान अनुभवातून काही नवे शिकावयास मिळाले. ११ मार्च २०२१ च्या कायद्याने ‘विक’ च्या सुधारणेसाठी ३९ कोटी डॉलर दिले आणि लाभार्थ्यांना फळे-भाजीसाठी दरमहा मिळणारी रक्कम चार महिन्यांपर्यंत ३५ डॉलरपर्यंत वाढविण्याची मुभा दिली. पूर्वी ही रक्कम मुलांसाठी ९ आणि स्त्रियांसाठी ११ डॉलर होती. त्याच कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या आधारे अनेक राज्यांना २०२३ नंतरही दूरस्थ सेवा चालू ठेवता आली. शेतकरी बाजाराच्या कूपनांबाबतही काही राज्ये कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीकडे वळली. जी अट संकटात सोडल्याने सेवा बिघडली नाही, उलट सुधारली, ती पुन्हा लादावी काय, असा प्रश्न विचारण्याचे धैर्य या अनुभवाने दिले.

आपल्याकडील दाखला

ज्या दिवशी अमेरिकेत वरील कायद्यावर स्वाक्षरी झाली, त्याच दिवशी, म्हणजे १८ मार्च २०२० रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळा बंद झाल्यामुळे मुलांचे मध्यान्ह भोजन थांबत असल्याची स्वतःहून दखल घेतली. दोन दिवसांनी, २० मार्च रोजी, केंद्र शासनाने राज्यांना कळविले की, शाळा बंद असल्या तरी मुलांना शिजविलेले अन्न अथवा त्याऐवजी अन्नसुरक्षा भत्ता देण्यात यावा. गोवा, कर्नाटक, तेलंगणा, गुजरात, मध्य प्रदेश अशा सर्वच राज्यांतील शाळांशी या प्रश्नाचा संबंध होता.

येथेही आधार आयत्या वेळी शोधावा लागला नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१५ मध्ये केलेल्या मध्यान्ह भोजन नियमांत तशी तरतूद होतीच. धान्य, इंधन वा स्वयंपाकी नसल्यामुळे अथवा अन्य कोणत्याही कारणाने शाळेच्या दिवशी भोजन देता आले नाही, तर मुलाला धान्य व शिजविण्याचा खर्च या रूपाने भत्ता द्यावा, असे ते नियम सांगतात. प्राथमिक वर्गातील मुलास दिवसाला १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलास १५० ग्रॅम धान्य, हे प्रमाणही ठरलेले आहे. शिजविण्याची रीत सैल झाली, मुलाच्या वाट्याचे माप मात्र कायम राहिले.

शेतकरी बाजाराचा दाखला हवा असेल, तर हैदराबादच्या वाचकांना तो परिचित आहे. १९९९ साली तत्कालीन आंध्र प्रदेशात सुरू झालेल्या रयतू बाजारांतही ओळखपत्र असलेल्या शेतकऱ्यानेच माल विकावा, हे तत्त्व आहे. २०२० च्या टाळेबंदीत लोकांना बाजारात येणे अवघड झाले, तेव्हा त्या शहरात फिरत्या रयतू बाजारांच्या गाड्या वस्त्यांपर्यंत नेण्यात आल्या. जागेची अट सुटली, थेट विक्रीचा हेतू टिकला.

बोध

या साऱ्या अनुभवातून अंमलबजावणी करणाऱ्यांसाठी काही गोष्टी स्पष्ट होतात. नियम शिथिल करण्यापूर्वी त्याचा हेतू एका वाक्यात लिहून पाहावा. तो हेतू दुसऱ्या मार्गाने साधत असेल, तर अट सैल करावी, साधत नसेल तर करू नये. सूट लेखी असावी, अधिकार असलेल्यानेच द्यावी आणि तिला मुदत असावी. तोंडी दिलेली सूट चुकीच्या वेळी हाताखालच्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात येते. सूट लाभार्थ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. कार्यालयाच्या फाइलीत असलेल्या आणि गावाला न कळलेल्या सवलतीचा उपयोग शून्य. सूट चालू असतानाही नोंद थांबवू नये, कारण नोंद नसेल तर पुढे सूट योग्य होती की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि संकट संपल्यावर जुने सगळे जसेच्या तसे परत आणण्याची घाई न करता, कोणती अट खरोखर आवश्यक होती, हे तपासावे.

ग्रामस्थांसाठीही एक बोध आहे. अधिकाऱ्याने नियम दाखविला, म्हणजे त्याच्याशी भांडण्याऐवजी ‘या नियमाचा हेतू काय, आणि तो दुसऱ्या रीतीने साधता येईल का?’ असे विचारावे. हा प्रश्न नीट विचारला गेला, तर पुष्कळदा अधिकाऱ्यालाच वाट सापडते. नियम माणसासाठी आहे, हे खरे. परंतु नियमावाचून सर्वांत आधी ज्याचा घास हिरावला जातो, तो दुबळाच असतो, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांमधून वाट काढणे म्हणजेच चांगले प्रशासन.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील रेशन दुकान, अंगणवाडी वा शाळेतील भोजन यांच्या नियमांपैकी पद्धतीचे नियम कोणते आणि हेतूचे कोणते, याची यादी करा.

२. पूर, साथ वा अन्य आपत्तीत यांतील कोणता नियम लाभार्थ्याची वाट अडवील? त्याचा हेतू दुसऱ्या कोणत्या रीतीने साधता येईल?

३. स्वतः बाहेर न पडू शकणाऱ्या वृद्धांच्या वतीने लाभ घेणारी व्यक्ती कोणी व कशी नेमावी? त्यात फसवणूक होऊ नये यासाठी कोणती काळजी घ्यावी?

४. जागेवरची तपासणी काही महिने बंद ठेवावी लागली, तर नंतर तिची भरपाई कशी करावी?